तंटामुक्तीच्या पुढे : दिघोरी परिसरातील शाळा, शिक्षक आणि गावकरी यांच्यासाठी

महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि तेव्हापासून ग्रामीण भागात ‘तंटामुक्त’ हा शब्द शांततेला पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला. या मोहिमेमुळे धुऱ्याची, पांधण रस्त्याची, घरच्या वाटणीची कितीतरी भांडणे कोर्टाची पायरी न चढता मिटली आणि गरिबाचा पैसा व वेळ वाचला, ही तिची निर्विवाद जमेची बाजू आहे. परंतु एखादा तंटा नोंदवहीतून निघून जाणे आणि तो ज्या संबंधांतून उभा राहिला ते संबंध बदलणे या दोन भिन्न गोष्टी असून दुसरी गोष्ट कोणत्याही समितीच्या एका बैठकीत साधत नाही. ती वर्षानुवर्षांच्या शिक्षणातून साधते, आणि तेही शिक्षण विशिष्ट पद्धतीने दिले गेले तरच. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी आणि तिच्या आसपासची धानपट्ट्यातील गावे डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत कशी असावी याचे विवेचन पुढे केले आहे.

शांततेचा अभ्यास करणारे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी शांततेचे दोन प्रकार मानले. प्रत्यक्ष मारहाण, जाळपोळ किंवा खून होत नाही अशा स्थितीला त्यांनी नकारात्मक शांतता म्हटले, तर माणसाला दाबून ठेवणारी व्यवस्थाच, म्हणजे पाणी, जमीन, मान आणि संधी यांची अन्याय्य वाटणीच, जिथे दूर होत जाते त्या स्थितीला सकारात्मक शांतता म्हटले. गावाच्या भाषेत सांगायचे तर सगळे गप्प आहेत म्हणून गाव शांत आहे की कोणावर गप्प बसण्याची पाळी येत नाही म्हणून शांत आहे, हा तो फरक आहे. शाळेने कोणत्या शांततेसाठी शिकवायचे हे आधी ठरले नाही, तर ‘भांडू नका, एकोप्याने राहा’ एवढ्याच उपदेशावर सारे प्रयत्न संपतात. ज्याच्यावर अन्याय झालेला असतो त्या घरातील मुलाला अशा उपदेशातून गप्प राहण्याचाच धडा मिळतो.

खैरलांजीने शिकवलेले

हा फरक किती खोल आहे हे भंडारा जिल्ह्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या दलित बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची गावातील जमावाने निर्घृण हत्या केली. शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा जुना वाद हा त्यामागचा एक धागा होता आणि मुलांना नेटाने शिकवणाऱ्या, कोणापुढे मान न तुकवणाऱ्या एका कुटुंबाबद्दलचा आकस हा त्याहून मोठा धागा होता. सप्टेंबर 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा कमी करून पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या खटल्यात लागू झाला नाही, म्हणजे ज्या कारणासाठी महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर उतरले होते ते कारण निकालाच्या कलमांत उमटलेच नाही. पुढे याच गावाला तंटामुक्त गावाचा मान मिळाला, तेव्हा नकारात्मक शांतता म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने खैरलांजीतून एक अवघड प्रश्न उभा राहतो. मारले गेलेले कुटुंब शिक्षणावर विश्वास ठेवणारे होते, आणि मारणाऱ्या व पाहत राहणाऱ्या गावातही शाळेत गेलेली माणसे होतीच. तेव्हा शाळेत जाणे आणि माणुसकीने वागणे यांचा संबंध आपोआप जुळतो, ही समजूत सोडून द्यावी लागते. युनिसेफसाठी केनेथ बुश आणि डायना साल्टारेली यांनी 2000 साली मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता की शिक्षणाला दोन चेहरे असतात. ते दुही भरूनही काढते आणि दुही रुजवतेही. रवांडात 1994 च्या नरसंहारापूर्वीच्या काळात शाळेच्या वर्गात मुलांना हुतू की तुत्सी अशी ओळख सांगून उभे केले जाई. आपण कोण आणि ते कोण हे मुले पाढ्यांसारखीच शाळेत शिकली. आपल्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा’ असे भर वर्गात पुकारणारा शिक्षक कोणत्याही वाईट हेतूने तसे करत नसतो, पण त्या एका हाकेने वर्गाचे दोन भाग होतात आणि उभे राहिलेल्या मुलाकडे पाहण्याची बाकीच्यांची नजर ठरून जाते. हीच माहिती जनरल रजिस्टरमधून घेता येते आणि पालकांना एकेकटे बोलावूनही मिळवता येते. शांततेच्या शिक्षणाचा आरंभ असा अगदी साध्या कार्यालयीन सवयीपासून होतो.

आधी शाळेचे घर

म्हणूनच शांततेवरचा पाठ वर्गात घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी मिळून शाळेच्या एका पूर्ण दिवसाचे निरीक्षण करावे आणि त्यात दिसेल ते प्रामाणिकपणे लिहून काढावे. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, वाढण्याचे काम ठरावीक मुलांकडेच जाते का, पाण्याच्या टाकीवर कोणी मागे उभे राहते का, वर्ग झाडायला कोणाची नावे पुकारली जातात आणि पाहुण्यांच्या स्वागताला कोणाची, मॉनिटर गेल्या काही वर्षांत कोणत्या मोहल्ल्यातून निवडले गेले, शिक्षक कोणाला नावाने आणि कोणाला आडनावाने किंवा ‘अमक्याचा पोरगा’ म्हणून हाक मारतात, या गोष्टी नीट पाहिल्या की गावाची सगळी रचना शाळेच्या आवारात उतरलेली दिसते. एखाद्या दिवसाच्या नोंदीत योगायोगाचा भाग असू शकतो, म्हणून निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या शिक्षकांनी ती करावी.

त्यानंतर फलक लावण्यापेक्षा पाळ्या लावाव्यात. वाढण्याची, झाडण्याची, घंटा वाजवण्याची, परिपाठात बोलण्याची, पाहुण्यांना फूल देण्याची अशी सर्व कामे हजेरी क्रमांकानुसार फिरती ठेवली, की त्यात कोणाचा पाट वर आणि कोणाचा खाली हा प्रश्न हळूहळू निघून जातो. एखाद्या पालकाने आपल्या मुलाला दुसऱ्याच्या हातचे खायला देऊ नका किंवा मुलीला झाडू देऊ नका असा आग्रह धरला, तर मुख्याध्यापकांनी तो वाद वर्गशिक्षकावर न सोपवता स्वतः हाताळावा आणि नियम सर्वांना सारखा असल्याचे शांतपणे पण ठामपणे सांगावे. इथे एकदा सवलत दिली गेली, तर पुढे शांततेबद्दल शाळा जे काही बोलेल त्यावर मुले विश्वास ठेवणार नाहीत, कारण मुलांना पाठापेक्षा अपवाद चांगला लक्षात राहतो.

शिक्षणाचा हक्क कायदा 2009 मध्ये संमत होऊन 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, तसेच वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. ही तरतूद कागदावर पूर्ण होणे सोपे आहे. ज्या बाईचे नाव सदस्य म्हणून आहे ती बैठकीत बसते की फक्त घरी आलेल्या रजिस्टरवर सही करते, हे पाहणे अवघड आहे. बैठकीची वेळ रोवणीच्या किंवा कापणीच्या मजुरीच्या वेळेशी येऊ नये, बसायला सर्वांना एकसारखी सतरंजी असावी, आणि कमी बोलणाऱ्यांना आधी बोलू द्यावे, एवढ्या तीन गोष्टींनीही समितीचे रूप पालटू शकते. त्याच कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. ज्या शाळेत शिक्षकाच्या हातात छडी आहे, त्या शाळेत ताकदवानाने हात उगारणे योग्यच असते, असे शिक्षण रोज मिळत असते.

एका बाकावर बसवणे पुरेसे नसते

वेगवेगळ्या समाजांची मुले एकत्र आणली की मने आपोआप जुळतात, असा एक भाबडा समज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडलेले संपर्क तत्त्व त्याहून सावध आहे. पूर्वग्रह कमी व्हायचे तर एकत्र आलेल्या दोन्ही गटांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान असावा, त्यांच्यासमोर सामाईक उद्दिष्ट असावे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय पूर्ण होऊ नये, आणि ज्यांचा शब्द चालतो अशा माणसांचा, म्हणजे शिक्षक, सरपंच, पालक यांचा त्या एकत्र येण्याला उघड पाठिंबा असावा, अशा चार अटी त्यांनी घातल्या. यांतील एखादी अट वगळून घडवलेल्या भेटीगाठी निरुपयोगीच नव्हे तर कधीकधी घातकही ठरतात, कारण उच्चनीच भाव तसाच ठेवून जवळ आणलेली माणसे एकमेकांना अधिक जवळून दुखावतात.

या तत्त्वाचा वर्गातील सोपा वापर एलियट ॲरनसन यांनी 1971 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे शोधून काढला. तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत हाणामाऱ्या होत होत्या. त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले, एका धड्याचे तितकेच तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला, वेगवेगळ्या गटांतील पण एकाच तुकड्याची मुले एकत्र बसवून तो तुकडा पक्का करून घेतला, आणि मग प्रत्येकाने आपल्या मूळ गटाला तो शिकवायचा अशी योजना केली. आपल्याकडे नसलेला तुकडा ज्याच्याकडे आहे त्याचे नीट ऐकल्याशिवाय कोणालाच धडा पूर्ण कळत नाही. त्यामुळे ज्याला आजवर कोणी विचारत नव्हते त्याचेही ऐकावे लागते. यासाठी साधनसामग्री लागत नाही, पाचवी ते आठवीच्या कोणत्याही विषयात ती चालते, आणि आठवड्यातून दोनदा वर्षभर केली तरच तिचा उपयोग होतो.

दिघोरीच्या परिसरात या पद्धतीला पाठ्यपुस्तकाहून मोठा विषय मिळू शकतो, आणि तो म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकत आले आणि धिवर समाजाचे पोट मासेमारीवर चालत आले. यातच एक खरा हितविरोध दडलेला आहे. धानाच्या बांधीला लागेल तेव्हा पाणी सोडावे, मग तलाव रिकामा झाला तरी चालेल, असे शेतकऱ्याला वाटते. मासे वाढायचे तर उन्हाळ्यापर्यंत काही पाणी तलावात राहिलेच पाहिजे, हे मत्स्य सहकारी संस्थेच्या सभासदाला ठाऊक असते. याला पुन्हा गावातील जातींची उतरंड चिकटलेली असते, कारण पाटाचे दार कोणाच्या हातात आहे आणि तलावाचा लिलाव कोणाच्या बाजूने होतो हे केवळ पाण्याचे प्रश्न नसतात. दोन्ही घरांतील मुले एकाच वर्गात बसतात, मात्र हा विषय वर्गात कधीच येत नाही.

तो आणावा आणि पुढील रीतीने आणावा. मिश्र गटांनी एकेक तुकडा घ्यावा: एका मुलाने तलावाचे क्षेत्र आणि पाण्याची खोली मोजून साठा किती याचे गणित मांडावे, दुसऱ्याने पाटाखालच्या बांध्यांना पऱ्हे टाकण्यापासून लोंबी भरेपर्यंत केव्हा किती पाणी लागते हे शेतकऱ्यांना विचारावे, तिसऱ्याने माशांच्या जाती, त्यांची वाढ आणि त्यांना लागणारे पाणी यांची माहिती मासेमारांकडून घ्यावी, चौथ्याने तलावाची पाळ, गाळ आणि बेशरमीचे रान पाहावे, तर पाचव्याने तलाव कोणी बांधला आणि पूर्वी पाण्याची पाळी कशी ठरत असे हे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून घ्यावे. शेतकऱ्याच्या मुलाकडे माशांचा आणि मासेमाराच्या मुलीकडे धानाचा तुकडा सोपवला, तर दोघांना एकमेकांच्या अंगणात जाऊन विचारावे लागते आणि ज्याला आजवर कमी लेखले त्याचे ज्ञान किती बारीक आहे याचा अनुभव येतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारांच्या संस्थांसोबत स्थानिक पाणवनस्पती व देशी मासे तलावात परत आणण्याचे जे काम केले आहे, त्यावरून मासेमारांचे पारंपरिक ज्ञान शाळेच्या अभ्यासक्रमात यायला किती योग्य आहे हे दिसते.

या कामातून आणखी एक कौशल्य शिकवावे आणि ते म्हणजे मागणी आणि गरज वेगळी करण्याचे. ‘दार आजच उघडा’ ही मागणी असते; पऱ्हे वाळायच्या आत रोवणी व्हावी ही तिच्यामागची गरज असते. ‘पाणी सोडूच नका’ ही मागणी असते. मे महिन्यापर्यंत खोलगट भागात पाणी राहावे ही गरज असते. मागण्या एकमेकींवर आदळतात, तर गरजा मांडल्या की कधीकधी पाळीचे वेळापत्रक किंवा तलावातील राखीव पातळी असा मार्ग निघतो. मुलांनी काढलेला मार्ग गावाने स्वीकारलाच पाहिजे असे नाही. पण तो आकड्यांसह ग्रामसभेत वाचून दाखवण्याची संधी त्यांना जरूर मिळावी. आणि जिथे दोन्हीकडच्या गरजा सारख्या वजनाच्या नसतील, एक बाजू केवळ दांडगाईने दुसरीचा हक्क खात असेल, तिथे तडजोड शोधण्याचा आग्रह धरू नये. तो हक्काचा प्रश्न आहे एवढे मुलांना स्पष्ट सांगावे.

इतिहास, जयंती आणि अवघड प्रश्न

संघर्षातून गेलेल्या समाजात इतिहास शिकवणे सर्वांत कठीण असते. रवांडात नरसंहारानंतर शाळांमधील इतिहासाचे अध्यापन काही वर्षे थांबवावे लागले, कारण कोणता इतिहास शिकवायचा यावरच एकमत होईना. आपल्याकडे तसे थांबवण्याचे कारण नाही, परंतु टाळण्याची सवय मात्र आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीला उभे होते आणि पराभूत झाले, ही जिल्ह्याच्या इतिहासातील मोठी घटना जिल्ह्यातल्याच मुलांना माहीत नसते. असे विषय घेताना शिक्षकाने पुराव्याची सवय लावावी: हे कोण सांगते, केव्हा सांगितले, त्याला ते कसे कळले, दुसरे कोण काय सांगते, आणि कोणाचे म्हणणे नोंदलेच गेले नाही. हीच प्रश्नावली पुढे मोबाईलवर फिरणाऱ्या अफवेलाही लावता येते, आणि आज गावात दगड उचलला जाण्याआधी बहुतेक वेळा मोबाईलवर काहीतरी फिरलेले असते.

जयंत्यांच्या बाबतीत एक साधी शिस्त पाळावी. एखाद्या महापुरुषाच्या जयंतीला त्या समाजाची समजली जाणारी मुलेच बोलायला पुढे करण्याची पद्धत सोडून, भाषणे चिठ्ठ्या टाकून वाटावीत. तसे केले की सावित्रीबाईंवर, बिरसा मुंडांवर, शिवाजी महाराजांवर किंवा बाबासाहेबांवर कोणालाही वाचन करून बोलावे लागते आणि महापुरुषांच्या वाट्याला आलेले जातींचे कुंपण शाळेपुरते तरी मोडते. खैरलांजीसारख्या घटनेचा विषय नववीच्या आधी तपशिलाने काढू नये. काढावा तेव्हा अत्याचाराच्या वर्णनात न शिरता ‘वाद होता तो हत्येपर्यंत कसा गेला, आणि मधल्या कोणकोणत्या टप्प्यावर कोणाला तो थांबवता आला असता’ या प्रश्नाभोवती चर्चा ठेवावी. पाहत राहिलेल्या माणसाची जबाबदारी हा या चर्चेचा गाभा असावा.

शिक्षकाची स्वतःची जात, गाव आणि मते वर्गाला माहीत असतात, हे गृहीत धरूनच त्याने वागावे. राज्यात मूल्यशिक्षणाचा मोठा प्रयोग म्हणून ओळखला जाणारा ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम 2009 साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला. स्वातंत्र्य, समता, न्याय आणि बंधुता ही संविधानातील मूल्ये जोडीने व गटाने करायच्या उपक्रमांतून मुलांपर्यंत नेणे हे त्याचे सूत्र होते. हे सूत्र उत्तम आहे. पण उपक्रमपुस्तिका हातात आल्यावर शिक्षकाने प्रथम तिची कसोटी आपल्या स्वतःच्या वागण्यावर लावली, तरच ती वर्गात जिवंत होते.

मोठ्यांचे शिक्षण

मुलांनी शाळेत शिकलेले घरी मोडून पडू नये यासाठी मोठ्यांच्या शिक्षणाची जोड लागते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने यासाठी घडवलेला मार्ग अभ्यासगटाचा आहे. अभ्यासगट म्हणजे एखादा विषय नीट समजून घेण्यासाठी नियमितपणे बसणारा, सर्वांना खुला असलेला गट, ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार नसतो. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेते. चर्चा आणि निर्णय यांची अशी फारकत केल्यामुळे अभ्यासगटात कोणाला हरण्याची भीती राहत नाही, म्हणून माणसे मोकळेपणाने बोलतात आणि मत बदलण्यात कमीपणा वाटत नाही. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव केवळ जंगलासाठी प्रसिद्ध झाले, पण त्याच्या यशामागे हे प्रौढशिक्षण आहे. मात्र मेंढ्यात एकच समाज राहतो. दिघोरीसारख्या अनेक जातींच्या गावात सहमतीच्या नावाखाली दुबळ्याचा होकार गृहीत धरला जाण्याचा धोका असतो. म्हणून इथे अभ्यासगट घेताना प्रत्येक मोहल्ल्याची बैठक आधी स्वतंत्र घ्यावी आणि मगच एकत्र बसावे. जागा म्हणून शाळेचा व्हरांडा सर्वांत योग्य, कारण तिथे यायला सहसा कोणाला संकोच वाटत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने उभी राहिलेली गुरुदेव सेवा मंडळे आणि त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भात गावोगाव आहेत. जिथे ती खरोखर सर्वांना खुली आहेत, तिथे अभ्यासगटाला तयार माणसे मिळतात.

झाडीपट्टीला लाभलेले दुसरे साधन नाटक आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके होतात, दंडारीला गर्दी लोटते, आणि जवळच्या वडसा येथील नाट्यमंडळे संपूर्ण पट्ट्यात फिरतात. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात विकसित केलेल्या मंचनाट्य प्रकारात अन्यायाचा एक प्रसंग दाखवून नाटक थांबवले जाते आणि प्रेक्षकांतील कोणीही रंगमंचावर येऊन पीडिताच्या जागी स्वतः वेगळे काय केले असते हे करून दाखवतो. शाळेतील मुलांनी मंडईच्या दिवशी संध्याकाळी असा छोटा प्रयोग बसवावा. विषय पांधणीचा, हुंड्याचा किंवा बहिष्काराचा असावा, पण गावातील चालू प्रकरण आणि ओळखता येतील अशी पात्रे घेऊ नयेत. त्याने मुलांवर रोष ओढवतो.

घटना घडल्यानंतर

एवढे करूनही गावात हाणामारी, बहिष्कार किंवा अत्याचार घडू शकतो आणि त्या वेळी शाळेचे पहिले कर्तव्य मुले सुरक्षितपणे शाळेत येत-जात राहतील हे पाहणे असते. मुख्याध्यापकांनी गैरहजर मुलांची यादी त्याच दिवशी करावी, दोन्ही बाजूंच्या घरी शक्यतो दोन शिक्षकांनी मिळून जावे, आणि पोलीस ठाण्याशी व गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून येण्याजाण्याच्या वाटेची सोय करावी. काय झाले याची चौकशी वर्गात मुलांकडून करू नये. मुले साक्षीदार असू शकतात आणि त्यांचे जबाब घेण्याची रीत कायद्याने ठरलेली आहे. मुलांना चित्र काढायला, खेळायला आणि नेहमीचे तास नेहमीच्या वेळी व्हायला मिळणे हाच त्या दिवसांत मोठा आधार असतो. मुलावर प्रत्यक्ष अत्याचार झाला असेल तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर, आणि जातीय अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 या राष्ट्रीय क्रमांकावर संपर्क करता येतो.

याच वेळी समेटासाठी घाई होण्याची शक्यता असते आणि अनेकदा शिक्षकालाच मध्यस्थ म्हणून बोलावले जाते. अशा वेळी कोणते वाद मिटवण्याजोगे आहेत आणि कोणते नाहीत हे त्याला माहीत असलेच पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा, बलात्कार, गंभीर दुखापत किंवा खून हे तंटामुक्त समितीत किंवा पंचांसमोर मिटवण्याचे विषय नाहीत, आणि पीडित कुटुंबाने तक्रार मागे घ्यावी म्हणून दबाव आणणाऱ्या बैठकीत शिक्षकाने बसू नये. एखाद्या कुटुंबाशी बोलणे, देणेघेणे, मजुरी बंद करण्याचा जातपंचायतीने किंवा समाजाने घेतलेला निर्णय हाही गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै 2017 पासून लागू असून असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य आहे. खून किंवा सामूहिक हत्या यांसारख्या प्रकरणांत पीडित कुटुंबातील मुलांचा पदवीपर्यंतचा शिक्षणखर्च शासनाने उचलावा अशी तरतूद अत्याचार प्रतिबंधक नियमांमध्ये आहे. तो लाभ मिळवून देण्यासाठी समाजकल्याण कार्यालयाकडे कागदपत्रे पाठवणे हे मुख्याध्यापकाच्या हातातले ठोस काम आहे, आणि त्या घराला शाळेच्या शंभर भाषणांपेक्षा त्याची अधिक किंमत असते.

बदल होतो आहे की नाही हे पाहण्यासाठी परीक्षा घेऊन उपयोग नाही, कारण समतेवरच्या प्रश्नाचे उत्तर काय लिहायचे हे मुलांना ठाऊक असते. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांना एकत्र शिकवणारी पहिली शाळा, बेलफास्टचे लॅगन कॉलेज, 1981 साली केवळ 28 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली आणि आजही त्या प्रदेशातील बहुसंख्य मुले वेगवेगळ्या शाळांतच शिकतात, यावरून या कामाचा वेग किती संथ असतो याची कल्पना येते. म्हणून शाळेने वर्षातून तीनदा, जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये, काही साध्या नोंदी ठेवाव्यात: मधल्या सुट्टीत खेळणाऱ्या संघांत किती मोहल्ल्यांची मुले मिसळलेली आहेत, प्रकल्पासाठी कोण कोणाच्या घरी गेले आणि तिथे पाणी प्यायले का, भांडण झाल्यावर मुले किती वेळा शिक्षकाकडे आली आणि किती वेळा त्यांनी आपसांत बोलून मिटवले, कोणत्या मुलीची शाळा मध्येच सुटली, आणि व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात या खेपेला कोणाकोणाचे बोलणे नोंदले गेले. मुलांची नावे न लिहिता ठेवलेल्या या नोंदी एका वहीत असाव्यात, बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाने ती येणाऱ्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी, आणि नव्या शिक्षकाने ती वाचून मगच आपल्या वर्गाच्या पाळ्या लावाव्यात.